सैनिकाचें ऋण

लढाई कोणीं जिंकली हें बखरकार सांगतात, तहाचीं कलमें दफ्तरांत सांपडतात, आणि सेनापतींचे पुतळे चौकाचौकांत उभे राहतात. परंतु त्या लढाईंत ज्याचा हात तुटला तो पुढें काय खाऊन जगला, आणि जो परत आलाच नाहीं त्याच्या घरची चूल दुसऱ्या दिवशीं पेटली कीं नाहीं, हें जाणून घ्यावयाचें असेल तर विजयाचे शिलालेख बाजूला ठेवून जमाखर्चाच्या वह्या उलगडाव्या लागतात. राष्ट्राची कृतज्ञता भाषणांत दिसते त्याहून अधिक खरी अशा वह्यांतच दिसते.

सैनिकाचें समाजावर दुहेरी ऋण असतें. त्याचें नांव विसरलें जाऊं नये, हा त्यांतील एक भाग. आणि त्याच्या मागें त्याचीं माणसें उघडीं पडूं नयेत, हा दुसरा. पहिला भाग दगडावर अक्षरें कोरून फेडतां येतो. दुसरा भाकरीनेंच फेडावा लागतो. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे या दृष्टीनें पाहिलें तर असें आढळून येतें कीं, कधीं दगडावर नांव कोरलें गेलें पण भाकरी हिरावली गेली, कधीं भाकरी मिळाली पण नांव बुजून गेलें, आणि दोन्ही एकाच हातानें दिलीं गेलीं असे काळ फार थोडे.

या ऋणाचा सर्वांत जुना पुरावा आपल्या खेडोपाडीं उघड्यावर पडलेला आहे. देवळाच्या आवारांत, पाणवठ्याशेजारीं, गांवकुसाजवळ अर्धवट जमिनींत गेलेले कोरीव दगड दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. त्यांवर एकावर एक अशा चौकटी असतात. खालच्या चौकटींत झुंज चाललेली असते किंवा वीर धारातीर्थीं पडलेला असतो; कधीं त्याच्याजवळ गाईगुरें कोरलेलीं असतात, म्हणजे गांवचें गोधन हांकून नेणाऱ्या टोळीशीं लढतांना तो पडला असें समजावयाचें. त्यावरच्या चौकटींत अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेतात. आणखी वर तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. आणि माथ्यावर चंद्र व सूर्य असतात. हे दोघे जोंवर आकाशांत आहेत तोंवर या पुरुषाची कीर्ति राहील, असा त्याचा भावार्थ. मुंबईंत बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळांवर तर शिडाच्या व वल्ह्यांच्या नौकांची लढाई कोरलेली आहे.

गंमत अशी कीं, चंद्रसूर्यांची साक्ष ठेवूनही महाराष्ट्रांतील बहुतेक वीरगळांवर अक्षर एकही नाहीं. तो वीर कोण, कोणत्या वर्षीं पडला, त्याच्या घरीं कोण होतें, हें आज कोणालाच सांगतां येत नाहीं. गांवकरी त्या दगडाला शेंदूर फांसून देव म्हणून पुजतात. माणूस मात्र त्याखालीं हरवला. याउलट शेजारच्या कर्नाटकांतील वीरगळांवर पुष्कळदां लेख असतात, आणि त्यांतील कित्येकांत पडलेल्या वीराच्या घराला जमीन दिल्याची नोंद असते. अशा जमिनीला कानडींत ‘रक्ताची देणगी’ या अर्थाचें नांव होतें. दगड आणि भाकरी यांची सांगड घालण्याची कल्पना किती जुनी आहे तें यावरून ध्यानांत येईल.

ही सांगड राज्याच्या कारभाराचा नियम म्हणून बसविली गेल्याचें पहिलें स्पष्ट वर्णन मराठींत आढळतें तें शिवकालाविषयीं. इ. स. १६५९ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १० तारखेस प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाचा वध झाला आणि त्याच्या फौजेचा मोड झाला. हा प्रसंग मुलांना तोंडपाठ असतो. परंतु त्यानंतरच्या दिवसांत काय झालें याकडे फारसें कोणी लक्ष देत नाहीं. कृष्णाजी अनंत सभासद यानें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिलेल्या बखरींत त्याची हकीकत दिली आहे. महाराजांनीं पडलेल्या लोकांच्या मुलांना चाकरींत घेऊन त्यांचें पुढें चालविलें. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना पतीच्या निम्मे वेतन करून दिलें. आणि जे जखमी झाले त्यांना जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशें होनांपर्यंत रक्कम दिली. मोठमोठ्या धारकऱ्यांना हत्ती, घोडे, कडीं, तुरे हीं बक्षिसें मिळालीं तीं निराळीं.

या तीन ओळींच्या हकीकतींत किती विचार भरलेला आहे तो पाहण्यासारखा आहे. जखमेची किंमत सर्वांना सारखी ठरविली नाहीं, तर जखम पाहून ठरविली. म्हणजे कोणी तरी प्रत्येक जखमी माणसाजवळ बसून ती पाहिली. ज्याला पुत्र आहे त्याच्या घराला चाकरी, आणि ज्याला नाहीं त्याच्या विधवेला वेतन. म्हणजे प्रत्येक पडलेल्या माणसाच्या घरीं मागें कोण आहे याची चौकशी झाली. आणि वेतन म्हणजे एकदांच दिलेलें दान नव्हे. तें पुढें चालू राहावयाचें. शिवाजीमहाराजांचा कटाक्ष जहागिरी तोडून देण्यापेक्षां रोख पगार देण्याकडे होता, हें सर्वश्रुत आहे. ज्या खजिन्यांतून शिपायाचा पगार निघे त्याच खजिन्यांतून त्याच्या विधवेचें निमे वेतन निघावें, हें त्या पद्धतीला धरूनच होतें. तिला कोणा देशमुखाच्या दाराशीं पदर पसरावयास नको होता.

सरसेनापतीच्या घराचें ऋण महाराजांनीं वेगळ्या रीतीनें फेडलें. इ. स. १६७४ च्या फेब्रुवारी महिन्यांत नेसरीच्या खिंडींत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशीं बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि ठार झाले. त्यांच्याकडून पूर्वीं झालेल्या हयगयीबद्दल महाराजांनीं त्यांना कठोर शब्दांत लिहिलें होतें, आणि तो बोल जिवाला लागून त्यांनीं हें धाडस केलें, असें म्हणतात. त्याच प्रतापरावांच्या कन्येला, जानकीबाईंना, महाराजांनीं इ. स. १६८० मध्यें राजाराममहाराजांची पत्नी म्हणून घरांत आणलें. हें लग्न महाराजांच्या निधनापूर्वीं थोडेच दिवस झालें. रागावण्याचा अधिकार ज्याला होता त्यानें ऋण विसरण्याचा अधिकार मात्र घेतला नाहीं.

पेशवाईंत या रीतीला एक नांवच मिळालें. लढाईंत कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठीं जें कांहीं दिलें जाई त्याला बालपरवेशी म्हणत. कोणाला रोख नेमणूक, कोणाला धान्य, कोणाला जमीन, असें तिचें स्वरूप असे. १७६१ सालच्या १४ जानेवारीस पानिपतावर महाराष्ट्रांतील घराघरांतला कर्ता पुरुष गेला. ‘विश्वासराव गेले, भाऊसाहेब गेले’ असें आपण म्हणतों. पण त्यांच्यामागें पडलेल्या हजारों शिलेदारांचें आणि बारगिरांचें काय? त्यांच्या घरीं पाळण्यांतलीं मुलें आणि कर्जाचे कागद एवढेंच उरलें होतें. १९३० ते १९३४ या काळांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागद पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. अशा जुन्या कागदांतून राज्य चालविणाऱ्यांचे राजकीय डाव दिसतात, तसेच त्यांच्या पदरच्या साध्या माणसांचे प्रपंचही दिसतात.

तथापि बालपरवेशींत एक वैगुण्य होतें. ती नियमानें आपोआप मिळत नसे. अर्ज करावा लागे, कोणी तरी रदबदली करावी लागे, आणि देणाऱ्याची मर्जी असावी लागे. मर्जीवर चालणारी कृतज्ञता मर्जीबरोबर आटते. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत कारभाराची जी विस्कटलेली स्थिति झाली तींत अशा नेमणुकांचें काय झालें असेल याची कल्पना करतां येते. पुढें इंग्रजी अमलांत १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि प्रत्येक इनामदाराला आपल्या हक्काचा कागद पुढें करण्यास सांगण्यांत आलें. ज्यांच्यापाशीं सनद होती ते वांचले; ज्यांच्या सनदा वाळवीनें खाल्ल्या, घरांच्या आगींत जळल्या किंवा मुळांतच तोंडी होत्या, त्यांच्या जमिनी खालसा झाल्या. आजोबानें रक्त सांडून मिळविलेलें शेत नातवाला एका चिटोऱ्याच्या अभावीं गमवावें लागलें. सैनिकाच्या घराला कागद जपून ठेवण्याचें शिक्षण तेव्हांपासून मिळालें, आणि तें अजून चालू आहे.

नांव राहिलें आणि भाकरी गेली, याचें सर्वांत बोलकें उदाहरण पुण्याजवळ भीमेच्या कांठीं उभें आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं इंग्रज कंपनीच्या एका लहान तुकडीची दिवसभर झुंज झाली. त्या तुकडींत महाराष्ट्रांतील नाना जातींचे शिपाई होते. कंपनीनें तेथें दगडी स्तंभ उभारला. त्याची पायाभरणी १८२१ सालीं झाली. या स्तंभावर लढाईंत कामास आलेल्या कंपनीच्या ४९ शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. त्या काळीं हें पद महार समाजांतील माणसाच्या नांवाची खूण होती. साध्या शिपायाचें नांव मोठ्या स्मारकावर येणें ही त्या काळांत विरळा गोष्ट होती, आणि जो समाज गांवकुसाबाहेर ठेवलेला होता त्याच्या माणसांचें नांव येणें ही तर अपूर्वच होती.

परंतु पाऊणशें वर्षें लोटलीं नाहींत तोंच सरकारचें धोरण पालटलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानांतील कांहीं जाती जन्मतःच लढवय्या आणि बाकीच्या नव्हेत, असें मत सेनाधिकाऱ्यांत प्रबळ झालें. आणि त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत महारांची सैन्यभरती बंद करण्यांत आली. स्तंभावरचीं नांवें तशींच राहिलीं. त्या नांवांच्या नातवांना मात्र छावणीच्या दारावरून परत जावें लागलें. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः सैन्यांतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं १८९४ सालीं या अन्यायाविरुद्ध सविस्तर अर्ज तयार केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं थेट विलायतेंतील भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांमागें केवळ मानाचा प्रश्न नव्हता. सैन्याची नोकरी म्हणजे महिन्याचा पगार, म्हातारपणीं पेन्शन, आणि मुलांना शाळा.

या शाळेचें महत्त्व किती होतें तें एकाच घराच्या उदाहरणावरून दिसतें. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करांतील शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांना १४ एप्रिल १८९१ रोजीं महू येथील छावणींत जो पुत्र झाला तेच डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. निवृत्तीनंतर सुभेदार कांहीं काळ दापोलीस आणि पुढें साताऱ्यास राहिले. आणि याच पेन्शनराच्या घरांतील मुलानें १९०७ सालीं मॅट्रिकची परीक्षा दिली. सैनिकाच्या घराला दिलेल्या भाकरींतून आणि अक्षरांतून पुढें देशाला काय मिळूं शकतें, याचा याहून मोठा दाखला कोणता? आणि हें दार बंद झाल्यामुळें असे किती संसार उजेडांत आलेच नाहींत, याचा हिशेब कोणत्या वहींत मांडावा? १ जानेवारी १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकरांनीं कोरेगांवच्या स्तंभास भेट दिली तेव्हां हाच प्रश्न त्या दगडाभोंवतीं उभा होता. मधल्या काळांत, पहिल्या महायुद्धांत माणसांची निकड पडल्यावर १९१७ सालीं महारांची एक पलटण उभारली गेली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ सालीं ती मोडूनही टाकली गेली. १९४१ सालीं, दुसऱ्या महायुद्धाच्या गर्दींत, महार रेजिमेंट स्थापन झाली. ती मात्र टिकली.

पहिल्या महायुद्धानें मराठी मुलखांतील शेतकऱ्याचा मुलगा समुद्रापलीकडे गेला. हिंदुस्थानांतून तेरा लाखांच्या आसपास माणसें त्या युद्धासाठीं परदेशीं गेलीं. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणें या जिल्ह्यांतील तरुणांपैकीं पुष्कळांना मेसापोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, जावें लागलें. पुण्याहून निघालेल्या सहाव्या डिव्हिजनमध्यें १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या कांठीं कूत येथें हें सैन्य १९१५ च्या डिसेंबरांत तुर्कांच्या वेढ्यांत सांपडलें. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलें, भाजीपाला दृष्टीस पडेना. घोडे मारून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांपैकीं कित्येकांनीं धर्माच्या समजुतीमुळें तें मांस बरेच दिवस शिवलें नाहीं आणि ते स्कर्व्हीनें खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजीं शहर शत्रूच्या हवालीं झालें. त्यानंतर कैद्यांची वाळवंटांतून पायपीट आणि रेल्वेच्या कामावरची राबणूक यांत अनेकांचा अंत झाला.

इकडे गांवीं काय चाललें असेल? महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर एकाएकी थांबे. पत्र आलें तर तें वाचून दाखविण्यास पोस्टमन किंवा शाळामास्तर शोधावा लागे, कारण घरांत अक्षर ओळखणारें कोणी नसे. जो कैदेंत होता तो जिवंत आहे कीं नाहीं हें महिनोन्‌महिने कळत नसे. कुंकू ठेवावें कीं पुसावें, हा प्रश्न कोणत्याही युद्धाच्या इतिहासांत लिहिला जात नाहीं. परंतु तो त्या काळीं कित्येक माजघरांतून रोज विचारला जात होता.

युद्ध संपल्यावर सरकारनें ज्या गांवांतून पुष्कळ माणसें गेलीं होतीं त्या गांवांत संगमरवराच्या पाट्या बसविल्या. या गांवांतून इतके पुरुष महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे हें गांव पिढ्यान्‌पिढ्या सैनिक देत आलें, म्हणून लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ असेंच म्हणतात. त्या एकाच गांवचे ४६ जवान त्या युद्धांत कामास आले. पाटीवर आंकडा आला. नांवें आलीं नाहींत. ज्या बाईच्या घरचा माणूस गेला तिनें त्या आंकड्यांतला आपला कोणता म्हणून ओळखावा?

हेंच मोठ्या प्रमाणावर परदेशांत झालें. फ्रान्समध्यें न्यूव शापेल येथें १९२७ सालीं उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर, ज्याचें उद्घाटन १९३१ सालीं झालें, तेरा हजारांहून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. परंतु मेसापोटेमियांत जे पडले त्यांच्यासाठीं १९२९ सालीं बसरा येथें जें स्मारक झालें, त्यावर अधिकाऱ्यांचीं नांवें आणि गोऱ्या शिपायांचींही नांवें घातलीं गेलीं. हिंदी शिपाई मात्र पलटणीच्या नांवाखालीं ‘आणखी इतके’ अशा केवळ संख्येनें नोंदले गेले. त्यांचीं नांवें वेगळ्या नोंदवह्यांत राहिलीं. दगडावर चढलीं नाहींत. ज्या संस्थेकडे या स्मारकांची व्यवस्था होती तिचें ब्रीद असें होतें कीं, मृत्यूनंतर दर्जा, वंश किंवा धर्म यांवरून भेद करूं नये.

या भेदाची जाहीर कबुली मिळण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. २०२१ सालच्या एप्रिल महिन्यांत त्याच संस्थेनें नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आशिया, आफ्रिका व मध्यपूर्व येथील ४५ ते ५४ हजार मृत सैनिकांचें स्मरण असमान रीतीनें झालें, आणि किमान १ लाख १६ हजारांचें स्मरण नांवानिशीं झालें नाहीं किंवा मुळींच झालें नाहीं, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. ब्रिटिश सरकारनें पार्लमेंटांत क्षमा मागितली. ही क्षमा ऐकावयास त्या सैनिकांची विधवा किंवा मूल कोणी उरलें नव्हतें. कृतज्ञतेला उशीर झाला म्हणजे ती खोटी ठरत नाहीं. पण ज्याला द्यावयाची तो निघून गेलेला असतो.

मेलेल्यांच्या नांवाबाबत अशी कंजूषी झाली, तरी जिवंत जखमींसाठीं त्याच काळांत एक चांगलें काम उभें राहिलें, हेंही सांगितलें पाहिजे. हातपाय गमावलेल्या सैनिकाला पुन्हां पोटापाण्याचा धंदा शिकवावा म्हणून १९१७ सालीं मुंबईंत क्वीन मेरी यांच्या नांवानें एक संस्था निघाली. ती पुढें पुण्याजवळ खडकीस आली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४४ सालीं, पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालें. सैनिकाला केवळ बसून खाण्यापुरते पैसे न देतां त्याला उभें राहण्यास पाय आणि काम करण्यास हात द्यावा, हा या संस्थांमागील विचार शिवकालांतील ‘जखम पाहून’ या विचाराच्या जवळचा आहे. अपंग सैनिक म्हणजे दयेचा विषय नव्हे, हें सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनीं साऱ्या जगाला दाखविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्यांनीं त्यांचें शरीर जायबंदी झालें. १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत त्यांनीं पोहण्याच्या पन्नास मीटर शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. देशानें त्यांना पद्मश्री दिली ती मात्र २०१८ सालीं.

दुसऱ्या महायुद्धांत यशवंत घाडगे हा कुलाबा जिल्ह्यांतील माणगांव भागांतील तरुण नाईक इटलींत १० जुलै १९४४ रोजीं शत्रूच्या यंत्रबंदुकीवर एकटा धांवून गेला. बंदूक त्यानें बंद पाडली आणि तेथेंच प्राण सोडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची समाधि कोठें आहे हें ठाऊक नाहीं. त्याचें नांव इटलींतील कॅसिनो येथील स्मारकावर आहे. माणगांवच्या लोकांनीं मात्र त्याचा पुतळा आपल्या गांवीं उभारून त्याला घरीं आणलें. पण त्या युद्धांत भरती झालेले लाखों साधे शिपाई १९४५-४६ सालीं सेवामुक्त होऊन परत आले, त्यांच्या वांट्यास ना पदक आलें ना पुतळा. निवृत्तिवेतनास साधारण पंधरा वर्षांची चाकरी लागते. युद्धापुरते घेतलेल्यांची ती भरली नव्हती. चार-पांच वर्षें आफ्रिकेच्या वाळूंत आणि ब्रह्मदेशाच्या जंगलांत काढून ते पुन्हां नांगरामागें उभे राहिले.

स्वातंत्र्यानंतर हें ऋण आपलें आपणांस फेडावयाचें होतें. पूर्वीं ११ नोव्हेंबरला महायुद्धांतील सैनिकांच्या नांवानें वर्गणी गोळा होत असे. २८ ऑगस्ट १९४९ रोजीं संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें ठरविलें कीं, दरवर्षीं ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळावा. आणि त्याच वर्षापासून तो सुरू झाला. तांबडा, गडद निळा आणि फिका निळा, असे भूदल, नौदल व विमानदल यांचे तीन रंग असलेला लहानसा ध्वज त्या दिवशीं छातीवर लावावयाचा आणि डब्यांत यथाशक्ति पैसे टाकावयाचे. युद्धांत पडलेल्यांच्या व जायबंदी झालेल्यांच्या कुटुंबांचें पुनर्वसन, नोकरींत असलेल्या सैनिकांचें व त्यांच्या कुटुंबीयांचें कल्याण, आणि निवृत्त सैनिकांची व्यवस्था, हे त्या निधीचे तीन हेतु आहेत. सरकारी तिजोरी असतांना ही वर्गणी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, तिजोरी कर्तव्य करते. कृतज्ञता ज्याची त्यानेंच करावी लागते. राजाच्या हातून जी होत असे ती प्रजासत्ताकांत प्रत्येक घरानें करावयाची असते.

तिजोरीच्या कर्तव्यासही वेळ लागलाच. एकाच हुद्द्याचे, सारखींच वर्षें चाकरी केलेले दोन सैनिक निरनिराळ्या सालीं निवृत्त झाले तर जो आधीं निवृत्त झाला त्याचें निवृत्तिवेतन कमी राही. म्हणजे जो अधिक म्हातारा त्याला कमी. समान हुद्द्यास समान निवृत्तिवेतन मिळावें ही माजी सैनिकांची मागणी अनेक दशकें चालू होती. ती २०१५ सालीं मान्य झाली आणि १ जुलै २०१४ पासून लागू धरली गेली. स्मरणाच्या बाबतींतही तसेंच. पुण्यास नागरिकांच्या वर्गणींतून युद्धस्मारक उभें राहिलें तें १९९८ सालीं. आणि स्वातंत्र्यानंतर पडलेल्या सैनिकांसाठीं दिल्लींत राष्ट्रीय युद्धस्मारक झालें तें २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं. उद्घाटनाच्या वेळीं त्याच्या भिंतींवर २५,९४२ नांवें होतीं. तेथें हुद्द्याचा वा जातीचा भेद नाहीं, आणि ‘आणखी इतके’ असा शब्दही नाहीं. प्रत्येकाला त्याची त्याची वीट मिळाली आहे. वीरगळापासून निघालेला प्रवास येथें नांवापर्यंत पोहोंचला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु दगडाचें काम पुरें झालें म्हणून भाकरीचें पुरें झालें असें होत नाहीं. आजही खेड्यांतल्या वीरपत्नीला निवृत्तिवेतनाच्या कागदावरील नांव आणि बँकेच्या पुस्तकावरील नांव यांत एका अक्षराचा फरक पडला तर खेटे घालावे लागतात. इनाम कमिशनच्या काळांत वाळवीनें खाल्लेल्या सनदेची जी गोष्ट, तिचाच हा धाकटा भाऊ. जिल्ह्याच्या ठिकाणीं सैनिक कल्याण कार्यालयें आहेत, तेथें सवलतींची माहिती मिळते. पण तेथवर पोहोंचण्यास पुष्कळदां कोणी तरी लिहितां-वाचतां येणारें माणूस सोबत लागतें. शहरांतील सुशिक्षित घरांना यापरतें सोपें ऋणमोचन दुसरें सांपडणार नाहीं. वर्षांतून एकदां हार घालण्यापेक्षां एक अर्ज नीट भरून देणें अधिक मोलाचें आहे.

आणि एक काम नांवाचेंही उरलें आहे. पहिल्या महायुद्धांतील मृतांच्या नोंदवह्या आतां सर्वांना पाहण्यास खुल्या आहेत. त्यांत पुष्कळ शिपायांच्या नांवापुढें बापाचें नांव, गांव आणि जिल्हा दिलेला असतो. ज्या ज्या गांवांत ती जुनी संगमरवरी पाटी आहे तेथील शाळेनें व ग्रामपंचायतीनें मनावर घेतलें, तर त्या आंकड्याचीं नांवें करतां येतील. चावडीच्या भिंतीवर सोळा म्हणून लिहिलेले सोळा जण मग कोणाचे पणजोबा, कोणाचे चुलत आजोबा म्हणून पुन्हां ओळखूं येतील. शंभर वर्षांपूर्वीं परक्या सरकारनें जें लिहावयाचें टाकलें, तें त्यांच्याच गांवच्या मुलांनीं खडूनें का होईना लिहावें, आणि जमेल तेव्हां दगडांत कोरावें.